कनीज आपांचं बाकडं

२५ मार्च, शनिवार

रक्तदाब एकशे सत्तर. क्लिनिकमधल्या लाईबा डॉक्टर म्हणाल्या, "अंकल, आप चिल्लाना बंद करो. जो गुस्सा है वो कागज पे लिखो और फाड दो." लिहीन, पण फाडणार नाही. फाडायचं होतं तर लिहायचं कशाला?

म्हणून ही वही. हॉटेलच्या स्टोअरमधली जुनी तक्रारवही आहे, पानं कोरी. बहरीनमधल्या झल्लाकच्या या हॉटेलात मी, हिलरी तुस्कानो, एकोणतीस वर्षं टेलिफोनवर बसतो आहे. पाहुण्याची तक्रार आली की रकाने भरायचे: क्रमांक, खोली, वेळ, तक्रार, कुणाला सांगितलं, बंद केव्हा. बंद करण्याचा माझा एकच नियम. प्लंबर "खलास" म्हणाला म्हणून तक्रार बंद होत नाही. पाहुण्याला फोन करायचा, त्याने "हो, झालं" म्हटलं की मगच शेवटचा रकाना भरायचा. या नियमापायी मी तीन जनरल मॅनेजरांशी भांडलो आणि तिघेही माझ्याआधी गेले.

आजचा राग: एसीवाल्याने २१४ ची तक्रार पाहुण्याला न विचारता बंद केली. ओरडलो नाही, इथे लिहिलं. काही फरक पडला नाही.

२८ मार्च, मंगळवार

रसेलचा फोन. माझा एकुलता एक मुलगा, वय एकतीस, सात वर्षं इंग्लंडात आहे, हॅदरली नावाच्या बरोत. बरो म्हणजे आपली नगरपालिका समजायची. हवापाणी झालं, जेवणखाण झालं, आणि फोन ठेवता ठेवता हा म्हणतो, "बाय द वे पपा, मी काउन्सिलच्या इलेक्शनला उभा आहे. चार मेला."

मी खुर्चीतून उठलोच. भारतीय पासपोर्टवर? तर म्हणे कॉमनवेल्थवाल्यांना तिथे मतही देता येतं आणि उभंही राहता येतं. माझ्या बोटाला शाई लागून बत्तीस वर्षं झाली. इथे परक्यांना मत मफी, म्हणजे नाहीच, आणि तिकडच्या मतदानाला माझी सुट्टी कधी जुळली नाही. आणि माझा पोरगा साहेबाच्या देशात उमेदवार! डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच मिनिटाला त्याने ते वाळवलं.

"प्रचार कधी सुरू?"

"प्रचार नाही हो. इट्स ओन्ली अ नेम ऑन पेपर. ऑफिसातला ग्रॅहम पक्षाचं काम करतो, तो मागे लागला होता, मी सही केली."

"म्हणजे काय?"

"काही नाही. पपा, आपल्या मागच्या खोलीतला भाडेकरू गेला का? आणि आळीत फायबर इंटरनेट आलंय का?"

एवढी मोठी गोष्ट, आणि याला वसईचा भाडेकरू सुचतो. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी फोन आपटला नाही, हळूच ठेवला.

१ एप्रिल, शनिवार

सलीलने डोकं फिरवलं. सलील आमच्या हॉटेलात मेंटेनन्स इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. मुहर्रकला माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि रोज मला आपल्या गाडीतून झल्लाकला नेतो. काल मिस्सा झाल्यावर मी चर्चमध्ये सगळ्यांना रसेलचं सांगितलं होतं. लोकांनी हात दाबून अभिनंदन केलं, केक मागितला. तेच सलीलला सांगत होतो. तो सिग्नलला थांबला आणि म्हणाला, "काका, रागावू नका. पण हा डमी उमेदवार वाटतोय."

"डमी?"

"जिथे पक्षाला काहीच आशा नसते तिथे यादी रिकामी दिसू नये म्हणून कुणाचं तरी नाव टाकतात. तो ना फिरतो, ना त्याला कुणी ओळखतं. हरायलाच उभा केलेला असतो."

मी म्हटलं गाडी बाजूला घे. उतरलो. रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहिलो आणि मागून येणारी स्टाफ बस पकडली. माझा मुलगा डमी?

दुपारी रसेलला विचारलं. तो हसला. हसला! "एक्झॅक्टली पपा. पेपर कँडिडेट म्हणतात इथे. या वॉर्डात सोळा वर्षं एकच माणूस निवडून येतोय. मला शंभर मतं पडली तरी खूप."

"मग नाव मागे घे. नाहीतर लढ."

"तुम्हीच सांगता ना, नाव दिलं की मागे घ्यायचं नाही? राहू द्या. पाच आठवड्यांत संपेल सगळं."

याच्या आईने एकटीने याला वसईत वाढवला. मी इथून फोनवर बाप होतो. रोझमेरी पहाटे उठून याचा अभ्यास घ्यायची, ते हरायला उभं राहण्यासाठी? आजचा राग लिहायला पान पुरणार नाही.

६ एप्रिल, गुरुवार

काउन्सिलच्या वेबसाइटवर उमेदवारांची यादी लागली. मिल लेन वॉर्ड, जागा एक. चार नावं. तिसरं: रसेल हिलरी तुस्कानो.

मधलं नाव माझं. मतपत्रिकेवर माझं नाव छापणार आहेत. कितीतरी वेळ बघत बसलो. मग त्याच नावापुढे "डमी" हा शब्द आठवला आणि पुन्हा पेटलो.

सॅब्रिनाला फोन लावला. ती आमच्याच पॅरिशची. पूर्वी इथे मनामात नर्स होती, आता रसेलच्याच वॉर्डात राहते. म्हटलं, सॅब्रिना, तुझ्या ओळखीची किती घरं आहेत तिथे? म्हणाली, "अंकल, चर्चचे गायक, हॉस्पिटलवाले, शेजारी धरले तर चाळीस-पन्नास सहज. वसईचे, गोव्याचे, केरळी, पाकिस्तानी, सगळे. पण यांच्याकडे मतं मागायला आजवर कुणी आलेलंच नाही."

मला नंबर हवे होते. ती म्हणाली, आधी प्रत्येकाला विचारते, मग देते. रीतसर पोरगी आहे.

९ एप्रिल, ईस्टर

सकाळी मिस्सा, दुपारपासून फोन. आमची घड्याळं त्यांच्या दोन तास पुढे, म्हणजे माझी ड्युटी सुटते तेव्हा ते दुपारचं जेवून बसलेले असतात.

पहिले तीन फोन वाया गेले. "माझ्या मुलाला मत द्या" असं म्हणायला जीभ वळेना. एकोणतीस वर्षांत मी फोनवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. चौथा फोन सॅब्रिनाच्या शेजारीणबाईंचा, कनीज आपांचा. सवयीने तोंडातून निघालं, "आपा, मैं बहरीन से हिलरी. आपको वहाँ कोई तकलीफ?"

"बहरीन से?" आपा म्हणाल्या. "बहरीन से मेरी तकलीफ पूछ रहे हो?"

मग पंचवीस मिनिटं त्या बोलत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेत. दवाखान्याला बसने जातात. मिल लेनच्या बसस्टॉपवर एक लोखंडी बाकडं होतं, ते वर्षापूर्वी काउन्सिलची माणसं काढून घेऊन गेली आणि परत आणलंच नाही. आपा समोरच्या बुटक्या भिंतीवर बसतात. पाऊस असला तर भिंत ओली. नगरसेवकाला चार पत्रं लिहिली. उत्तर नाही.

चार पत्रं! आमच्याकडे एका पत्राला उत्तर गेलं नाही तर माणसाची बदली होते. मी त्या बाकड्यासाठी असा चिडलो की विचारू नका. म्हटलं, "आपा, जबान देता हूँ. मेरा बेटा रसेल आपका बेंच वापस लाएगा."

फोन ठेवला आणि या वहीच्या मागच्या बाजूने रकाने आखले. क्रमांक १. खोली: २३, मिल लेन. तक्रार: बसस्टॉपवर बाकडं नाही. कुणाला सांगितलं: रसेल. बंद केव्हा: कोरं.

१५ एप्रिल, शनिवार

एकवीस तक्रारी झाल्या. मागच्या गल्लीतला दिवा तीन महिने बंद. कचरा दोन आठवड्यांनी उचलतात, तोही अर्धा. एका केरळी कुटुंबाच्या भिंतीला इतकी ओल आहे की मुलाला दम्याचा पंप लागतो. मी मत मागतच नाही. तक्रार नोंदवतो, वाचून दाखवतो, आणि रसेलचं नाव सांगतो. ते आपणहून आणखी दोन नंबर विचारून देतात.

रसेलचा फोन आला, आवाज चढलेला. "पपा, हे काय चाललंय? लोक मला रस्त्यात थांबवतात. एक बाई म्हणाली, 'तू दिवा लावणारा ना?' तुम्ही माझ्या नावाने प्रॉमिस करताय?"

"मग? तू तर करत नाहीस."

"मी हरणार आहे! म्हणून तर हो म्हटलं होतं!"

"तुस्कानोंच्या घरात हरायला कुणी उभं राहत नाही."

"तुस्कानोंच्या घरात आजवर कुणी कशालाच उभं राहिलेलं नाही, पपा."

फोन कापला. कुणी कापला ते लिहीत नाही. मीच कापला.

२१ एप्रिल, शुक्रवार, ईद

हॉटेल तुडुंब. सौदीहून पूल ओलांडून आलेली कुटुंबं, पोरं लॉबीत पळतायत, टेलिफोनचे सगळे दिवे लाल. तरी जेवणाच्या सुट्टीत कनीज आपांना ईद मुबारक केला. त्या म्हणाल्या, पूर्ण गल्लीला सांगून ठेवलंय, "बहरीनवाले के बेटे को देना है." म्हणजे तिथे रसेलला कुणी रसेल म्हणत नाही. मजा वाटली.

सॅब्रिनाने मात्र एक भलतंच सांगितलं. रसेलने तिच्या मुलाला आपली सायकल देऊन टाकली. सोफ्यासाठीही गिऱ्हाईक बघतोय. का, विचारलं तर नुसता हसला म्हणे. मला कळतं. ऑफिसात बढती मिळाली असेल, कुठल्यातरी झकपक भागात घर घेत असेल. वॉर्डात लोक याच्या नावाने एकमेकांना फोन करतायत आणि हा सोफा विकतोय!

२४ एप्रिल, सोमवार

आज रोझमेरीला जाऊन दोन वर्षं झाली. त्या एप्रिलमध्ये मी इथून निघू शकलो नाही, रसेल तिकडून निघू शकला नाही. विमानं बंद. दोघांनी तिचं दफन मोबाईलवर पाहिलं. पेटीजवळ शेजारची चार माणसं, तोंडाला मास्क, आणि सिग्नल गेला की सगळं थांबायचं.

सकाळीच रसेलने फोन केला. आज भांडण नाही. आईच्या आठवणी निघाल्या. मग म्हणाला, "मम्मीला हॉस्पिटलला नेलं तेव्हा घरात कोण होतं?"

"कुणी नाही. शेजाऱ्यांनी नेलं."

"दॅट शुड नेव्हर हॅपन अगेन, पपा."

हा मला टोमणा. एकोणतीस वर्षं बाहेर राहिलो, त्याचा. माझ्याकडे उत्तर होतं: तुझी फी कुठून आली असती? पण आजच्या दिवशी बोललो नाही. मग त्याने विचारलं, "तुमचा इथला शेवटचा दिवस नक्की कुठला?" म्हटलं, साठ पूर्ण होतात, व्हिसा संपतो, नऊ जूनचं विमान आहे. "नऊ जून," तो म्हणाला, जणू लिहून घेत होता.

२६ एप्रिल, बुधवार

आज स्फोट झाला.

वसईहून शेजाऱ्याचा फोन होता. रसेलने परस्पर त्याच्याकडून आमच्या घराचे फोटो मागवले. मागच्या खोलीचे, छताचे, विहिरीचे. एक मिस्त्रीही पाठवला माप घ्यायला. मला न विचारता! भाडेकरू, फायबर, शेवटचा दिवस, सगळं एका क्षणात जुळलं. हा घर विकतोय. मी पोहोचायच्या आत रोझमेरीचं घर विकून तिकडे झकपक घर घेणार.

फोन लावला आणि लाईबा डॉक्टरांचं सगळं विसरलो. "तुझ्या आईच्या हातचं घर आहे ते! मी मेल्यावर विक!"

"पपा, कोण विकतंय? ऐका तर..."

"माप कशाला घेतलंस?"

तो म्हणाला, "सहा तारखेपर्यंत थांबा. इलेक्शन संपू दे. सहा मेला तुम्हाला सगळं सांगतो, प्रॉमिस. आता सांगितलं तर तुम्ही माझ्याशी भांडून ते मोडून काढाल."

"मी आजवर काय मोडलंय?"



संध्याकाळी अकरा फोन केले. रागाच्या भरात माझा आवाज फार गोड होतो, हे सलीलही म्हणतो. सलीलशी बोलायला लागलो आहे. माणूस वाईट नाही, फक्त खरं लवकर बोलतो.

३० एप्रिल, रविवार

या वेळी तिथे पहिल्यांदाच मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागणार आहे. सॅब्रिना म्हणते, अर्ध्या लोकांना पत्ताच नाही. जन्मभर नुसतं नाव सांगून मत दिलंय त्यांनी.

मला हे ऐकून हसू आलं. इथे आम्ही कार्डाशिवाय चहा प्यायलाही खाली उतरत नाही. सगळ्यांना पुन्हा फोन सुरू केले. त्रेसष्ट घरं. "पासपोर्ट घेऊन जा. भारतीय चालतो, पाकिस्तानी चालतो, गोवेकरांचा पोर्तुगीजही चालतो. आज रात्रीच पर्समध्ये ठेवा." कनीज आपांकडून फोनवरच पासपोर्ट शोधून घेतला. कपाटातल्या कुराणाखाली सापडला.

४ मे, गुरुवार

मतदान. ड्युटीवर होतो, पण लक्ष नव्हतं. ३०८ चा वेकअप कॉल विसरलो. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

सॅब्रिना दिवसभर मेसेज करत होती. कनीज आपा काठी टेकत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, पासपोर्ट उघडूनच दाखवला. मतदान होतं त्या शाळेच्या दारातून काही गोरी माणसं चिडून परत जाताना सॅब्रिनाने पाहिली. ओळखपत्र आणायला घरी गेली, ती सगळी परत आली की नाही माहीत नाही. आमचं एकही माणूस परत गेलं नाही.

रसेलने मत दिलं का, विचारलं. म्हणाला, "दिलं पपा." कुणाला, हे विचारायचं धाडस झालं नाही.

५ मे, शुक्रवार

मोजणी दिवसा होती. इथले तीन वाजून दहा मिनिटं. मी चर्चमधून परत येऊन सलीलच्या घरी बसलो होतो. सॅब्रिनाचा फोन आला आणि ती नुसती ओरडत होती.

सहाशे अकरा. समोरच्याला सहाशे दोन. नऊ मतांनी.

दोनदा मोजलं म्हणे. सोळा वर्षं निवडून येणारा माणूस पडला. सलीलने मला मिठी मारली. मी खुर्चीवर बसून रडलो आणि मोठ्याने म्हणालो, डमी! डमी! सलील म्हणाला, "काका, माझे शब्द मागे घेतो, यल्ला, मिठाई आणू." दोघं मिळून अर्धा किलो घेऊन आलो.

रसेलचा फोन लागला नाही. मेसेज आला: उद्या बोलतो. मोठी माणसं झाली की असंच. मी रागावलो नाही. आज मला कशाचाच राग नाही, हेही लिहून ठेवतो.

६ मे, शनिवार

काय लिहू?

रसेलने व्हिडिओ कॉल केला. मागे भिंत रिकामी, सोफ्याची जागा रिकामी. तो थकलेला होता. म्हटलं, "अभिनंदन, काउन्सिलर साहेब." त्याने मान हलवली आणि म्हणाला, "पपा, मी सांगतो म्हटलं होतं ना, सहा तारखेला."

त्याने एक तिकीट दाखवलं. लंडन ते मुंबई. नऊ जून. परतीचं नाही.

कंपनीने त्याला वसईतून काम करायची परवानगी दिली होती. मार्चमध्येच. त्यासाठी फायबर. मागची खोली त्याचं ऑफिस होणार होती, त्यासाठी माप. माझं इथलं विमान मुंबईला पोहोचायच्या दोन तास आधी त्याचं विमान उतरणार होतं, म्हणजे मी बाहेर येईन तेव्हा तो दारात उभा असेल. "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, इंग्लंड सोडतोस? वेडा झालास?"

म्हणालो असतो. शंभर वेळा म्हणालो असतो.

"मम्मीसारखं तुम्ही तिथे एकटे राहू नये, एवढंच ठरवलं होतं. ग्रॅहमला हो म्हटलं कारण जातोच आहे, हरणारच आहे, कुणाचं काही बिघडणार नाही." मग म्हणाला, "नऊ मतं, पपा. फक्त नऊ. तुम्ही किती घरांना फोन केले?"

त्रेसष्ट. त्याला माहीत आहे.

मी या वहीत त्याला काय काय म्हटलं ते मागे जाऊन वाचलं. लाईबा डॉक्टर बरोबर होत्या, फाडायला हवं होतं. कानाखाली मारून घ्यावीशी वाटली, आणि घरात एकटाच होतो म्हणून मारूनही घेतली.

८ मे, सोमवार

काल दिवसभर त्याला फोन करत होतो. राजीनामा दे. आजच दे. म्हण, वडील आजारी आहेत. मी आजारी पडतो हवं तर, रक्तदाब आहेच.

"पुन्हा इलेक्शन घ्यावी लागेल," तो म्हणाला.

"घेऊ देत!"

"पपा, काल कनीज आपा दारात आल्या होत्या. जिना चढून. शेवया घेऊन. म्हणाल्या, 'तुम्हारे अब्बा ने जबान दी है.' मी त्यांना काय सांगू? की जबान देणाऱ्याने सांगितलंय, राजीनामा दे?"

"मी माफी मागतो त्यांची."

"बाकड्याचं काय?"

मी ओरडलो. बाकडं गेलं खड्ड्यात म्हणालो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या बाकड्याबद्दल मी असं म्हणालो. माझ्या रोझमेरीलाही असंच शेजाऱ्यांनी हॉस्पिटलला नेलं होतं, तेही मला आठवलं नाही.

रसेल ओरडला नाही. तो रागावला की शांत होतो, आईसारखा. म्हणाला, "चार वर्षं आहेत. ख्रिसमसला येईन. तुम्हीही इथे या, पाहुण्यांच्या व्हिसावर. आता मला ती यादी पाठवा."

"कसली यादी?"

"तक्रारींची. त्रेसष्ट. तुम्ही काय काय कबूल केलंय ते मला कळायला नको?"

११ मे, गुरुवार

वहीच्या मागच्या पानांचे फोटो काढून पाठवले. सतरा पानं. अक्षर ठिकठिकाणी घाईचं आहे. त्याने प्रत्येक पानावर एकच शब्द पाठवला: "मिळालं."

माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

२ जून, शुक्रवार

हॉटेलने निरोप दिला. घड्याळ, केक, फोटो. जनरल मॅनेजर म्हणाला, हिलरीने एकही तक्रार उघडी ठेवली नाही. टाळ्या वाजल्या. मी केक न खाताच पुढे सरकवला.

पुढच्या माणसाला हॉटेलची वही आणि रकाने समजावून सांगितले. तो म्हणाला, आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, अंकल. होऊ दे.

९ जून, शुक्रवार, मुहर्रक विमानतळ

सलील सोडून गेला. बॅगा दोन, एकोणतीस वर्षांच्या. विमानाला दीड तास आहे.

आत्ताच रसेलचा फोटो आला. मिल लेनचा बसस्टॉप. हिरवं लोखंडी बाकडं. त्यावर कनीज आपा, काठी मांडीवर आडवी, कॅमेऱ्याकडे रागाने बघतायत, कारण ऊन डोळ्यांवर येत असावं. बाकडं काउन्सिलच्या गोदामातच पडून होतं. रंगवायला नेलं होतं आणि विसरले. रसेल स्वतः जाऊन शोधून आला.

मला त्या बाकड्याचा इतका राग आला की फोन बंद करून खिशात टाकला. आज या वेळी माझा मुलगा विमानात असायचा होता. त्याऐवजी हे.

मग नियम तो नियम. आपांना फोन लावला. "आपा, बेंच आ गया?"

"आ गया, बेटा. बैठी हूँ. तुम्हारा लडका साथ में बैठा है." मग म्हणाल्या, "बहुत चुप रहता है."

क्रमांक १. बंद: ९ जून.

उरलेले बासष्ट रकाने कोरे आहेत. आणि ही पानं वाचताना दिसलं की त्रेसष्ट घरांना मी विचारलं, तुमचं काय अडलंय. चौसष्टावं घर माझ्या पोराचं. तो मार्चपासून सांगत होता, भाडेकरूबद्दल, फायबरबद्दल, नऊ जूनबद्दल, आणि मी एकदाही विचारलं नाही. उलट त्याला घर विकणारा म्हटलं.

खाली नवी ओळ आखली. क्रमांक ६४. खोली: १९, मिल लेन. नाव: रसेल हिलरी तुस्कानो. मग त्याला फोन लावला. मागे बसचा आवाज येत होता.

"रसेल, तुझी काही तक्रार?"

तेवढ्यात माझ्या विमानाची घोषणा झाली, आधी अरबीत, मग इंग्रजीत.

"आहे पपा," तो म्हणाला. "लिहून घ्या. पण मी सांगेपर्यंत बंद करू नका."

लिहून घेतली आहे. शेवटचा रकाना कोरा ठेवला आहे.